बाराच्या आतलं जेवण

परदेशात धम्म सांगायला निघालेल्या भिक्खूला मोठ्या त्यागाची तयारी ठेवावी लागते. वांग्याच्या भाजीचा वास आला की आमच्या वडनेरच्या विहारात आलेले तरुण थाई भन्ते आठवतात. ते दिवसातून एकदाच जेवत, तेही दुपारी बाराच्या आत. त्यांच्या सत्काराच्या दिवशी भाजी तयार होती, पण हारतुरे संपत नव्हते. दुभाषी म्हणून मी समितीच्या अध्यक्षांना विनवलं, "काका, बारा वाजून राह्यले. भन्तेजीले आधी जेवू द्या ना." "सत्काराबिगर जेवण? पाहुण्याले काय वाटन बे?" म्हणत त्यांनी माइक घेतला आणि बारा उलटले तरी ते त्यागावरच बोलत होते. भन्ते नुसतं पाणी पिऊन हसत राहिले. त्यांचं जेवण आता थेट दुसऱ्या दिवशी. हल्ली अध्यक्ष मी आहे. सत्कार अजूनही जेवणाआधीच होतो, कारण जेवण झालं की कोणी थांबत नाही.