बेस उतरवलं

संध्याकाळच्या एसटीनं माझ्यासोबत मेडशीला उतरणारा हा माणूस शेजारच्या जिल्ह्यातल्या छोट्या विमानतळावर चौकीदार आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथं नवे पायलट शिकायचे, त्याचा आजा गवत कापायचा. विमान कितीही आदळत उतरलं तरी आजा हात वर करून पायलटला "बेस उतरवलं", म्हणजे छान उतरवलं, असं म्हणायचा. नातवालाही तीच सवय.

परवा नव्या ड्रायव्हरबाईंनी गचके देत गाडी थांबवली. लोक कुरकुरले. हा त्यांच्या खिडकीखाली गेला आणि हात वर करून म्हणाला, "बेस उतरवलं, बाई. तिकडं तं इमानंबी उड्या मारत."

काल गाडी इतकी अलगद थांबली, की त्याची झोपच मोडली नाही. बाकी सगळे उतरले, तरी बाई खिडकीखाली बघत राहिल्या, काही गाडी हलवीनात. शेवटी मीच त्याला जागं केलं.