काचवाल्यांचा उजवा खांदा

काचवाल्यांना अर्धांगवायूचा झटका आला तो दुकानातच, भर दुपारी. टेबलावर खिडकीची काच आडवी घातलेली, कटरची रेघ निम्म्यावर आलेली, आणि कटर हातातून गळून पडलं. बायकोला वाटलं, घामानं निसटलं असेल. तिनं उचलून हातात दिलं, तर पुन्हा पडलं. मग तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि आरडाओरडा करत रस्त्यावर धावली.

आजूबाजूचे सगळे तिला वहिनी म्हणत. दुकान दोघांचं. खिडक्यांना काचा बसवणं नवऱ्याचं काम, फोटोंच्या फ्रेमा करणं तिचं. माणूस धिप्पाड. माणसाच्या उंचीची काच कवेत घेऊन जिने चढायचा, आणि चढतानाही तोंड चालूच. गिऱ्हाईक काच घ्यायला यायचं आणि गप्पा ऐकत तासभर अडकायचं.

दवाखान्यातून घरी आला तो माणूस दुसराच होता. उजवा हात लोंबत होता, पाय ओढत होता, आणि तोंडात एकच शब्द उरला होता : हो. जेवणार का? हो. जेवण झालं ना? हो. शेजारचा चाव्यावाला भेटायला आला, तो गमतीनं म्हणाला, "वहिनी, आता तुमचंच राज्य. नवरा कशाला नाही म्हणतच नाही!" वहिनी हसली. न हसून सांगते कोणाला?

थोरले दीर, दादा, रोज सकाळी यायचे. शाळेत खेळाचे मास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. धाकट्या भावावर त्यांचा भारी जीव. त्याला बरं करायचंच, असा त्यांनी चंग बांधला होता. "हाताला आळस चढू द्यायचा नाही," ते म्हणायचे. उजवं मनगट धरून भावाला बिछान्यातून खेचून बसवायचे. मग दाराच्या वर कप्पी ठोकून तिच्यातून दोरी घेतली, तिच्या एका टोकाला हात बांधायचा आणि दुसरं टोक ओढून हात डोक्यापर्यंत न्यायचा.

"मोकळं वाटतंय ना, धाकट्या?"

"हो."

"आणखी जोर लावू?"

"हो."

दादा खूश. काचवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. पण या आजारात माणूस ऊठसूट रडतो असं दवाखान्यात सांगितलेलंच होतं, म्हणून वहिनी पदरानं डोळे पुसायची आणि चहा टाकायला जायची. तीही त्यांना उठवताना त्याच काखेत हात घालून वर ओढत होती. दुसरं कसं उठवायचं, हे तिला कोणी दाखवलंच नव्हतं.

हळूहळू ते शर्ट घालू देईनासे झाले. बाही जवळ आणली की डाव्या हातानं फटका मारायचे. एकदा चहाचा कप भिरकावला. वहिनीचा तोल सुटला. "मी काय वैरीण आहे का तुमची?"

"हो," ते म्हणाले.

ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली.

पुढच्या तपासणीला फिजिओथेरपीच्या मॅडमनी शर्ट काढायला सांगितला. तिथेही तीच झटापट झाली. मॅडमनी काही विचारलं नाही. मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी खांद्यावर हलकेच बोटं ठेवली. "वहिनी, तुमचं बोट द्या इकडे." खांद्याच्या हाडाखाली खळगा होता. बोट आत गेलं.

"हाताला धरून ठेवणारे स्नायू लुळे पडलेत. हात स्वतःच्याच वजनानं सांध्यातून खाली आलाय. याला घरी कोणी ओढतं का?"

कप्पी, दोरी, काखेतला हात, वहिनीनं सगळं सांगितलं. "पण विचारलं की ते हो म्हणायचे हो," ती म्हणाली.

"तोंड हो म्हणतं. चेहऱ्याकडे बघा." मॅडमनी कोपराखाली तळवा धरून हात जरासा उचलला. काचवाल्यांच्या भुवया आक्रसल्या. मॅडम तिथेच थांबल्या. "इथवरच. यापुढे नाही."

मग वहिनीला कोपर धरून ठेवायला लावलं, खांद्यावरचे केस काढले, कातडी पुसून कोरडी केली, आणि दंडापासून खांद्यावरून वर मानेच्या बाजूला अशा पट्ट्या ताणून चिकटवल्या.

"यानं हात चालायला लागेल?"

"नाही. खोटं कशाला सांगू? खांद्याला आधार मिळेल, दुखणं कमी होऊ शकतं. काहींना होतं, काहींना नाही. आणि घरी ओढाओढ चालू राहिली, तर पट्टी असून नसून सारखीच."

दुसऱ्या सकाळी दादा आले. पट्टी बघून म्हणाले, "चिकटपट्टीनं कुठं हात बरे होतात? पोरखेळ आहे नुसता." आणि नेहमीसारखा हात पुढे केला. काचवाल्यांनी डाव्या हातानं उजवा खांदा झाकला आणि अंग भिंतीकडे वळवलं.

दादांचा हात हवेतच राहिला.

"दादा, त्यांना दुखत होतं," वहिनी म्हणाली. "रोज दुखत होतं."

"मग बोलला का नाही? मी विचारत होतो ना!"

दादांनी चपला पायात सरकवल्या आणि ते चहा न घेताच गेले. दुसऱ्या दिवसापासून येईनासे झाले.

दुखणं एकदम गेलं नाही. पण काचवाले दुपारी शांत झोपू लागले, शर्टाची बाही विनातक्रार चढू लागली. वहिनीला धीर येतोय न येतोय, तोच पट्टीखाली पुरळ उठलं. मॅडम म्हणाल्या, कातडी बरी होईपर्यंत पट्टी काढायला हवी. तेल लावून त्या कडेनं हळूहळू सोडवू लागल्या, आणि अचानक काचवाले म्हणाले, "थांब."

स्वच्छ शब्द. मॅडम थांबल्या. जराशानं पुन्हा कड सोडवली, तर पुन्हा, "थांब." मॅडम पुन्हा थांबल्या.

वहिनीनं व्हरांड्यात येऊन फोन लावला. "दादा, हे बोलले!"

"बोलला? काय बोलला?"

"थांब म्हणाले," तिनं कसंबसं सांगितलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दादा आले, पण बऱ्याच दिवसांनी. दाराशीच उभे राहिले, आणि वहिनीनं बोलावल्यावरच आत आले. कोपराखाली तळवा कसा द्यायचा, पाठीमागून आधार देऊन कसं बसवायचं, शर्ट घालताना आधी दुखऱ्या हाताची बाही कशी चढवायची, हे मॅडमकडून शिकलेलं सगळं तिनं त्यांना दाखवलं. आयुष्यभर पोरांना शिस्त लावलेला माणूस मान खाली घालून शिकला. पहिल्यांदा तळवा कोपरापर्यंत नेऊन त्यांनी मागे घेतला, तेव्हा वहिनीलाच मधे यावं लागलं.

उजवा हात काही परत आला नाही. काचेचं मोठं टेबल वहिनीनं विकून टाकलं, दुकानात आता फक्त फ्रेमा होतात. पुरळ बरं झाल्यावर पट्टी परत लागली, तरी थंडीत खांदा ठणकतोच. झाल्या गोष्टीचा विषय ना दादा काढतात, ना वहिनी. दादा रोज सकाळी येतात, भावाच्या डाव्या बाजूला बसतात, आणि शर्ट बदलायची वेळ झाली की त्याच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता आधी उजवी बाही चढवतात.