रायणीवरचा चिकू

कांदा चिरताना रडण्याऐवजी हरखून जाणारा माणूस साऱ्या डहाणू तालुक्यात एकच, आणि तो माझ्या आत्याचा नवरा. आम्ही त्यांना आत्तोबा म्हणतो. शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते कांद्याचा पापुद्रा उजेडात धरून शेजारच्याला त्यातल्या पेशी दाखवत. दिसत अर्थातच कुणाला काही नसे. एकदा वाणगावच्या बाजारात काकडी उचलून म्हणाले, "ही रातोरात एवढी झाली, ती काय नव्या पेशींनी? होत्या त्याच पाणी पिऊन लांबल्या!" भाजीवाली म्हणाली, "गुरुजी, घ्यायची तर घ्या, नायतर ठेवा. मागं गिऱ्हाईक उभं हाय." आत्तोबांनी ओशाळून पिशवीभर काकड्या घेतल्या आणि आत्यानं आम्हाला आठवडाभर कोशिंबीर खाऊ घातली.

पुढे आत्या गेली. चिखले गावच्या घराच्या अंगणात तिनं लावलेला चिकूही किडीनं पोखरून वाळू लागला; एकच फांदी हिरवी राहिली. आत्तोबांनी रायणीची, म्हणजे चिकूच्या रानटी बहिणीची, तीन रोपं कुंड्यांसकट त्या फांदीला बांधली, दोन्हीकडची साल तासून एकमेकींना भिडवली आणि वर घट्ट पट्टी गुंडाळली. आमच्याकडे चिकूचं कलम असंच करतात. मग दोन-तीन महिने पट्टीला हात लावायचा नसतो. पण जखमेच्या तोंडाशी नव्या पेशी फुटताहेत आणि आपण बघायचं नाही, हे आत्तोबांना कसं सोसावं? आठवड्यातच त्यांनी एक पट्टी सोडली. कलम गेलं. "नुसतं कडेनं बघतो," म्हणत दुसरंही घालवलं. मला हसू आलं आणि त्यांचा रागही आला. आत्याचं झाड आता एका कुंडीवर येऊन ठेपलं होतं.

त्याच संध्याकाळी ते सूक्ष्मदर्शक आणि चाकू घेऊन सरावलीला माझ्या दारात उभे. "हे तुझ्याकडे ठेव. घरात असलं की हात शिवशिवतात."

तिसरं कलम जगलं. फांदीपासून तोडून आम्ही ते अंगणात लावलं. जुनं झाड पाडावं लागलं. काही महिन्यांनी आत्तोबांचा फोन आला, "खोड भरतंय, पट्टी काचतेय. चाकू घेऊन ये."

मी गेलो तर ते पाठ फिरवून उभे. "तूच सोड. माझा हात धजत नाही."

मी पट्टी कापली.

"जुळलंय?"

"बघा ना."

"नको, तू सांग."

"जुळलंय, आत्तोबा."

 आत्तोबा डोळे पुसत म्हणाले, "जेवूनच जा. काकडीची कोशिंबीर करतो." आत्या गेल्यापासून त्या घरात मी पहिल्यांदाच जेवलो.