आधी चिंचोका काढा

इतिहासाच्या पुस्तकातले इंग्रज मुंबईत राहायचे, फार तर पुण्यापर्यंत यायचे. आमच्याकडे मराठवाड्यात ते आलेच नाहीत. आमच्या डोक्यावर निजाम होता आणि निजामाच्या डोक्यावर इंग्रज. सगळ्यांत खाली कोण होतं, हे पुस्तकाला सांगायचं नव्हतं. मला सांगायचं होतं. मास्तरीण होऊन मला वर्षही झालं नव्हतं. अंगात रग फार आणि अक्कल कमी, असं वरिष्ठ म्हणायचे. असेलही.

गाव तामलवाडीच्या आत, फाट्यावरून मैलभर चालत. साल बहात्तरच्या दुष्काळाचं. विहिरी कोरड्या, आईबाप खडी फोडायला गेलेले, आणि पोरं दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीचा तुकडा खिशात घालून शाळेत यायची. मी त्यांना सांगितलं, घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, तुम्हाला काय काय करावं लागायचं? आणि त्या काळची एक वस्तू घेऊन या.

पाटलाच्या नातीनं चारमिनार छापलेला रुपया आणला. कुणी उर्दूत लिहिलेली पावती आणली, ती घरात कुणालाच वाचता येत नव्हती. बौद्धवाड्यातल्या एका पोरीनं चुंबळ आणली. डोक्यावर ओझ्याखाली घ्यायची ती चिंध्यांची गोल चुंबळ बघून वर्ग खो खो हसला.

"आज्याची हाय," ती म्हणाली. "तहसीलदार दौऱ्यावर आला की त्याची पेटी चावडीपासून शिवंपतूर न्यायची. तिथं म्होरल्या गावचं मानूस घ्यायचं. पैसा न्हाय, भाकर न्हाय. उशीर झाला तर चाबूक."

यालाच वेठ म्हणत. माझ्या बापानंही अशा पेट्या वाहिल्या होत्या. तो ते कधी बोलला नाही. त्याच्या टाळूवरचं टक्कल बोलायचं. त्या दिवशी मी ठरवलं की हा धडा फळ्यावर शिकवायचा नाही.

माझी पत्र्याची पेटी रिकामी केली, अर्धी खडीनं भरली. माझी खुर्ची लिंबाखाली ठेवली, तो साहेबाचा डेरा. म्हटलं, चला, आपापल्या जागा घ्या. मी आणखी काही बोलायच्या आत पाटलाची नात खुर्चीवर जाऊन बसली आणि बौद्धवाड्यातली पोरं पेटीजवळ जाऊन उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला वावगंही वाटलं नाही. ती पोरं बघून मला असा संताप आला की काय सांगू! निजाम जाऊन चोवीस वर्षं झाली होती आणि माझ्या वर्गात त्याचा डेरा अजून ठोकलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी चिंचोके आणले. एक चिंचोका एका बाजूनं घासून पांढरा केला, तो ज्याला येईल तो साहेब. एक दोन्ही बाजूंनी घासला, त्याच्या डोक्यावर पेटी. बाकीचे काळे. पिशवीत हात घालायचा, बघायचं नाही. चुंबळवालीला खुर्ची आली. पाटलाच्या नातीला पेटी.

पोरगी चिवट निघाली. चुंबळ डोक्यावर घेतली आणि शिवेच्या दगडापर्यंत दोनदाच थांबली. परत आली तेव्हा मान वाकडी झालेली. म्हणाली, "बाई, लई जड हाय. आन् त्यो साहेब नुसता बसूनच हुता की!" एवढंच तिला कळायला हवं होतं.

तिच्या आजोबांना मात्र वेगळंच कळलं. ते जुने पाटील, आता सोसायटीचे चेअरमन. शाळेच्या कमिटीवरही तेच. दारात उभे राहिले.

"बाई, आमच्या घरची पोर वेठीला लावली तुमी?"

"चिंचोक्यानं लावली, पाटील. मी नाही."

"गाव दुष्काळानं मरतंय आन् तुमी जुनं उकरून काढताय. सोमवारी इन्स्पेक्टर सायेब येनार हायेत. बदलीला येळ लागत न्हाय."

नोकरी गेली तर घरची चूल विझणार होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण तोंड माझं ऐकेना. "करा बदली," मी म्हणाले. "माझी पेटी मी उचलीन. वेठीला कुणाला धरणार नाही."

आणि सोमवारी सकाळी मीच माती खाल्ली.

साहेब एसटीनं फाट्यावर उतरत. त्यांची पिशवी आणायला शाळेनं एखादं पोर पाठवायचं, असा रिवाज होता. बौद्धवाड्यातलीच पोरं जायची, कारण ती नेहमी जात. मी वर्ग झाडत होते, फळा पुसत होते, जीव मुठीत होता. मान वर न करता म्हटलं, "जा गं, साहेबांची पिशवी घेऊन ये." कुणाला म्हटलं? चुंबळवालीला! तेव्हा मला काहीच जाणवलं नाही. वेठीतल्या माणसाची लेक, दुसऱ्याच्या लेकीला वेठीला धाडून मोकळी.

बराच वेळ झाला. मग लिंबाखालून साहेब आले. घामाघूम, पिशवी त्यांच्याच हातात. मागून पोरगी, मूठ घट्ट मिटलेली. स्वागताला आलेले पाटील पुढं धावले, "आरं, सायबाच्या हातात पिशवी?"

पोरगीनं मूठ उघडली. तीन चिंचोके: एक काळा, एक एका बाजूनं घासलेला, एक दोन्ही बाजूंनी. "बाई, म्या म्हनलं, सायेब, आधी चिंचोका काढा. त्यांनीच काढला."

कोणता निघाला हे कुणी विचारलं नाही. मी तिच्याकडे बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. मग लाज ओसरली आणि इतका अभिमान वाटला की बदलीची भीती कुठल्या कुठं गेली. साहेबांना मी म्हणाले, "बरोबर केलं तिनं. चूक माझी आहे, मी तिला पाठवायलाच नको होतं."

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं: विद्यार्थी उद्धट आहेत. इतिहास पुस्तकातूनच शिकवावा. पुढं अनेक शाळांत मला चांगले शेरे मिळाले. त्यातला एकही मला पाठ नाही. हा आहे.

बदलीचा कागद महिन्यात आला. निघायच्या दिवशी पेटी बांधून मी उचलायला वाकले, तर वर्ग दारात उभा. चिंचोक्यांची पिशवी फिरत होती.

"मी म्हटलं होतं ना, माझी पेटी मी उचलीन," मी ओरडले.

"तवा तुमी बी चिंचोका काढा," चुंबळवाली म्हणाली.

मी काढला. काळा. पेटीच्या दोन कड्या, म्हणून पोरांनी या वेळी दोन चिंचोके दोन्ही बाजूंनी घासले होते. एक चुंबळवालीला आला, दुसरा पाटलाच्या नातीला. ती पुढं झाली आणि तिनं कडी धरली.

चावडीवर पाटील बसलेले असणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पोरीला घरी मार बसेल म्हणून मी म्हणाले, "मागच्या वाटेनं जाऊ गं."

पाटलाची नात थांबली. तिनं कडीवरचा हात बदलला.

"का म्हनून?" ती म्हणाली. "चिंचोका माझा निघालाय. चावडीवरनंच जायचं."