गोकुळची पात

दिवाळी सरली की देवगाव रंगारीच्या शिवारात सकाळची धुई उतरते, अन् त्या धुईखाली कपाशी फुटत राहते. आवाज नाय, गडबड नाय. काल हिरवं होतं ते आज पांढरं. बघणाऱ्याला वाटावं, रानच झोपेत काहीतरी पुटपुटतंय.

भामाबाईचं आयुष्य ह्या पांढऱ्यात गेलं. बाराव्या वर्षी आईच्या मागं तिनं कपाशीची पात, म्हणजे वेचायची ओळ, धरली, ती साठी जवळ आली तरी सुटली नाय. नवरा लवकर गेला. दोन पोरी तिनं एकटीनं उजवल्या अन् वेचणीच्या बायांची टोळी उभी केली. कोणाच्या घरात काय शिजतंय अन् काय करपतंय, हे तिला बांधावरूनच कळायचं.

म्हणूनच तर मृण्मयी डाक्तरीणबाईनं तिला हेरलं. ह्या बाईंचा शहरात, उस्मानपुऱ्यात, मनाच्या दुखण्याचा दवाखाना. कन्नड तालुक्यात गावोगाव फौजींची घरं. लढाई बघून आलेली माणसं दवाखान्याची पायरी चढत नाहीत, तर दवाखान्यानं त्यांच्या दारात जावं, तेही गावातल्याच बाईच्या पायानं, असं बाईंचं म्हणणं. भामाबाईला त्यांनी तीन दिवस शिकवलं. औषध द्यायचं नाय, शहाणपण सांगायचं नाय, ओढाताण करायची नाय. बसायचं अन् ऐकायचं. भामाबाई म्हणाली, एवढं तर म्हशीलाबी जमतं. बाई म्हणाल्या, म्हशीला जमतं मावशी, माणसाला जमत नाही, म्हणून शिकवावं लागतं.

तिच्या वाट्याला पहिलं घर आलं कडुबा फौजीचं. नव्व्याण्णवच्या लढाईत हा पंचवीस वर्षांचा गडी बर्फाच्या डोंगरावर होता. तिथून धडधाकट परत आला, पुढं नोकरी पुरी केली अन् पेन्शन घेऊन घरी बसला. वर्षाचे अकरा महिने माणूस म्हणाल तर देवमाणूस. पण शिवार पांढरं झालं की कडुबा घरात टिकत नसे. एक दिवस उठायचा अन् एसटीनं शहरात जायचा. औरंगपुऱ्यात एका हाटेलात कपबशा विसळायचा, दुकानाच्या पायरीवर पडून राहायचा. वेचणी सरून रानात झाडांच्या नुसत्या काळ्या पऱ्हाट्या उरल्या की पोरगा राजकुमार जाऊन त्याला घेऊन यायचा. राजकुमारनं एक साल कपाशी लावलीच नाय, सगळा मका केला. पण आपलं रान हिरवं ठेवून काय होतं, शेजाऱ्यांचं पांढरंच. कडुबा गेलाच.

गेल्या साली शहरात एका जीपनं त्याला उडवलं अन् पाय मोडला. तेव्हा त्याची बायको चतुराबाई भामाबाईच्या ओट्यावर येऊन बसली अन् तंबाखू मळत म्हणाली, "आक्का, पुढच्या साली हा माणूस गेला, तर मी शोधायला कोणाला धाडणार नाय. अन् माघारी आला तर दार उघडणार नाय. इतकी वर्सं उघडलं." रडली बिडली नाय. बार तोंडात टाकला अन् निघून गेली. भामाबाईला ठाऊक होतं, ही बाई बोलते ते करते.

भामाबाईपाशी दवाखान्याचा छापील कागद होता, वर उस्मानपुऱ्याचा पत्ता अन् खाली नऊ प्रश्न. झोप लागते का, जेवण जातं का, जीव नकोसा होतो का. आषाढापासून तिनं तो तीनदा भरला. प्रश्न विचारला की कडुबा बसल्या जागी ताठ व्हायचा, हनुवटी वर करायचा अन् म्हणायचा, "सब ठीक." नऊच्या नऊ प्रश्नांना सब ठीक. कागदाच्या हिशेबानं गावात कडुबाएवढा सुखी माणूस नव्हता. बाईंच्या ह्या कामाला पैसा पुरवणारे लोक म्हणायला लागले, ह्या घराचं नाव कमी करा. भामाबाईला मग उशिरा उमगलं. फौजेत साहेबानं विचारलं की एकच उत्तर द्यायचं असतं, अन् कागद घेऊन बसलेली भामाबाई त्याला साहेबच वाटत होती.

गोकुळचं नाव तिनं चतुराबाईकडून ऐकलं. कडुबा जेवायला बसला की भाकरी मोडून अर्धी बाजूला ठेवायचा. फौजेत म्हणे दोघादोघांची जोडी लावतात, खायचं दोघांत, झोपायचं आळीपाळीनं. गोकुळ त्याचा जोडीदार. तिकडं बर्फातच राहिला.

दुसऱ्या दिवशी भामाबाई कागद घरी ठेवून गेली. कडुबा बांधावर बसून बैलाचं दावं वळत होता. समोर कपाशी अजून हिरवी होती, पण तळातली बोंडं उकलायला लागली होती, अन् कडुबानं तिकडं पाठ केली होती. भामाबाईनं शेजारी फतकल मारली, दाव्याचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं. बराच वेळ नुसता पीळ बसत राहिला.

मग ती म्हणाली, "कडुभाऊ, तुमचं ऱ्हाऊ द्या. गोकुळ कसा हाय?"

कडुबाचे हात थांबले. धुईतून लांबच्या माणसाला ओळखावं तसा तो तिच्याकडं बघत राहिला.

"त्याला झोप नाय," तो म्हणाला.

"का बरं?"

"डोळा लागला की पाय गार पडतेत त्याचे."

"जेवतो का?"

"घास तोंडात फिरतो नुसता."

"अन् घरचे?"

"घरच्यायच्या तोंडाकडं बघायची लाज वाटती त्याला."

"कशाची लाज?"

"माघारी आला म्हणून."

गोकुळ तर माघारी आलाच नव्हता. हे कोणाचं चाललंय ते कळलं, अन् भामाबाईनं हातातलं टोक तेवढं घट्ट धरून ठेवलं. संध्याकाळी फोनवर तिनं हे सांगितलं, तर डाक्तरीणबाई म्हणाल्या की गोकुळलाच विचारत राहा, अन् कडुबाला ओढू नका.

पण शिवार कोणासाठी थांबतं? आठ दिवसांत सगळं पांढरं झालं. कडुबाची शहरात न्यायची पिशवी खुंटीवरून खाली आली. चतुराबाईनं ती पाहिली अन् भाकरी थापत राहिली.

त्या दिवशी भामाबाईनं टोळी कडुबाच्याच रानात घातली. बायांनी कापूस टाकायला पदराच्या ओट्या बांधल्या, एकेकीनं एकेक पात धरली. मधली एक पात भामाबाईनं मोकळी ठेवली अन् सांगितलं, ही गोकुळची. बाया एकमेकींकडं बघून तोंडाला पदर लावायला लागल्या. एकजण म्हणाली, "आक्का, गोकुळची भाकर कोण आणणार?" भामाबाई म्हणाली, "तुझ्या फडक्यात दोन जास्तीच्या असत्यात, त्याच."

कडुबा बांधावर पिशवी धरून उभा होता. बाया वेचत वेचत पुढं गेल्या. आजूबाजूच्या पाती रित्या होत गेल्या अन् मधली तेवढी पांढरी, लांबच लांब, मागंच पडून राहिली. धुई अजून विरली नव्हती. बायांचे आवाज पाण्याखालून यावेत तसे येत होते.

भामाबाई वळली. ओढायचं नाय, हे तिला आठवत होतं. पण तोंडातून निघून गेलं, "कडुभाऊ, गोकुळ मागं पडला."

कडुबानं पिशवी खाली ठेवली. डोळे अर्धे मिटून, नदीत उतरावं तसा तो रानात उतरला. पहिल्या झाडाला हात लावला, काढला, परत लावला. बोंडातला कापूस उपसून मुठीत धरून उभा राहिला. तोवर ऊन वर आलं होतं.

"गरम हाय," तो म्हणाला. कोणाला म्हणाला, कोण जाणे.

अर्धी पात त्यानं वेचली. मग मटकन खाली बसला, ओकला, अन् उठून घराकडं चालता झाला. बाया हात थांबवून बघत राहिल्या. उरलेली अर्धी पात भामाबाईनं कोणाला वेचू दिली नाय.

सकाळी चतुराबाई दारात आली. "गेला," म्हणाली. "मी नाय जाणार. राजकुमारलाबी जाऊ देणार नाय." अन् आल्या पावली परत.

भामाबाई एसटीत बसली. बाहेर दोन्ही बाजूंनी कपाशीच कपाशी, खिडकीला धुई चिकटलेली, अन् तिला सारखं वाटत होतं की आपण गाडीत नाय, त्याच मधल्या पातीतून चाललोय अन् पात सरतच नाय. म्हशीला जमलं असतं ते आपल्याला जमलं नाय. दोन दिवस गप्प बसलो असतो, तर काय जीभ झडली असती?

औरंगपुऱ्यात रिक्षा, गाड्या, फळवाले, पाय ठेवायला जागा नाय. तिनं ते हाटेल हुडकलं. मालक म्हणाला, फौजी चाचा इस साल आयेच नहीं. पायऱ्या बघितल्या, मंडई बघितली. कडुबा कुठंच नव्हता. चूक झाली तर बाईंना तोंडावर सांगावी, म्हणून ती उस्मानपुऱ्यात गेली.

दवाखान्याच्या बाकावर कडुबा बसला होता. दाढी केलेली, सदरा धुतलेला. शेजारची जागा त्यानं पिशवी ठेवून राखली होती. हातात नंबराचे दोन बिल्ले.

नंबर लावणारा धोंडिबा वैतागून म्हणाला, "मावशी, हा तुमचा माणूस ना? सकाळपासून म्हणतोय दोघं आलोत. दुसरा कुठाय?"

"आलाय," भामाबाई म्हणाली. "तुमी नाव पुकारा."

तिनं बाहेर जाऊन चतुराबाईला फोन लावला. कुठं आहे ते सांगितलं, कोणाकोणाचा नंबर लावलाय तेही सांगितलं. पलीकडं कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत राहिला. मग चतुराबाईनं विचारलं, "सकाळचा उपाशीच गेला. काय खाल्लं का त्यानं?"

आधी गोकुळचं नाव पुकारलं गेलं. कडुबा उठून आत गेला. दार लागलं. भिंतीपलीकडून शब्द कळत नव्हते, फक्त एक संथ आवाज येत होता, अन् त्याच्या मधे मधे लांबलचक काहीच नाय. भामाबाईनं घरून आणलेल्या शेंगा फोडल्या, पण खाल्ल्या नाहीत. बऱ्याच वेळानं कडुबा बाहेर आला. उपरण्यानं तोंड पुसलं अन् परत आपल्या जागी बसला.

धोंडिबानं हाक दिली, "कडुबा."

कोणी उठलं नाय. धोंडिबानं परत हाक दिली. कडुबानं दाराकडं पाहिलं, मग शेजारच्या जागेकडं. भामाबाईच्या तोंडाशी शब्द आला होता, तिनं तो दाताखाली धरला.

मग कडुबानं बाकावरची पिशवी उचलून खाली ठेवली.

"आक्का," तो म्हणाला, "मी येईस्तोवर ह्याच्यापाशी बसा जरा."

तो आत गेला. भामाबाई त्या रिकाम्या जागेकडं सरकली अन् बसली.