नवशाचा पुकारा

घरात सगळ्यांना वाटतं की मला वाल सोसत नाहीत. बायको कित्येक वर्षं पाहुण्यांना हेच सांगत आलीय: ह्यांच्या पोटाला चालत नाही, हिवाळ्यात कुणाच्या वाडीत वालाची हंडी लागली की हे काहीतरी निमित्त काढून उठतात. मी तिला कधी अडवलं नाही. पोटाची तक्रार मला आयुष्यात नव्हती. खरं कारण तिला माहीत नाही, आईला ते न कळताच ती गेली, आणि कचेरीत सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. आज पहिल्यांदा बोलतोय—तुमच्याजवळ. का, ते विचारू नका. कुणाजवळ तरी बोलायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, हंडी खाण्या-न खाण्यात एवढं काय लपवायचं? सांगतो. पण मला एकदम सांगता येत नाही. आधी थंडीचं बोलू द्या.

मी चिखल्याचा. आमच्याकडे चिकूची वाडी, थोडं भात, मागे समुद्र. तिथे थंडी म्हणजे पहाटे एक चादर जास्त. मॅट्रिक झालो, नोकरी लागली आणि वडिलांनी पेढे वाटले. आमच्या घराण्यातला सरकारी खुर्चीवर बसलेला मी पहिला, आणि वडील ते दिवसातून दोनदा कुणाला तरी सांगत. पहिली नेमणूक तलासरीच्या बाजूला, एका कौलारू कचेरीत. तिथली थंडी मला ठाऊकच नव्हती. सकाळी दहा वाजले तरी बोटं वळत नसत. खिडक्यांना काचा नाहीत, लाकडी झडपा. उघडल्या तर वारा, लावल्या तर अंधार. आम्ही सगळे मफलर गुंडाळून कागदांवर वाकलेले असायचो. हेडक्लार्क घाटावरचे. ते हातमोजे घालून सह्या करत आणि सही बिघडली की थंडीला शिव्या घालत.

आणि मग गप्पा खाण्याच्या. थंडी पडली की आमच्या कचेरीत कामाचं बोलणं बंद. हेडक्लार्क हुरड्याचं वर्णन करायचे तेव्हा पुढ्यातली फाईल तशीच उघडी राहायची. मी तांदळाच्या भाकरीवर लोण्याचा गोळा आणि भाजलेला सुका बोंबील सांगायचो. शिपाई धर्मा मात्र एकच सांगायचा—हंडी. आणि ती लावावी तर नवशाने.

हंडी तुम्ही खाल्लीय का? नवं मडकं घ्यायचं, आत पाला पसरायचा, त्यावर वालपापडी, रताळी, कोनफळ, मीठ, ओवा, हिरव्या लसणीचं वाटण. तोंडही पाल्यानेच बंद करायचं. मग मडकं जमिनीवर पालथं ठेवून भोवती गोवऱ्या आणि काटक्या पेटवायच्या. पाणी नाही, तेल नाही. सगळं आपल्याच वाफेवर शिजतं. पाणी नसल्यामुळे आमच्यासारख्यांची आणखी एक सोय होती. वारली माणसाच्या हातचं पाणी घरी चालायचं नाही, पण भाजलेल्याला विटाळ नाही, असं आम्ही ठरवून टाकलेलं. किती सोयीचं, नाही?

हा नवशा वारली. कचेरीपासून अर्ध्या कोसावरच्या पाड्यात राहायचा. तेव्हा चाळिशीचा असेल. बारीक, ताठ, बोलायला कमी. त्याचा बाप, आजा, सगळ्यांनी जी जमीन कसली ती किनाऱ्यावरच्या एका मालकाची. नवशा तिथे कूळ होता. आणि कूळ कायद्याच्या सुनावण्या त्या वर्षी आमच्याच कचेरीत चालल्या होत्या.

सुनावणी म्हणजे फार मोठं काही नसायचं. कुळाने साहेबासमोर उभं राहून म्हणायचं की ही जमीन मी कसतो आणि ती घ्यायला मी राजी आहे. एवढंच. पण ते त्याने स्वतः, त्या दिवशी, त्या खोलीत म्हणायला हवं. नाव निघालं की धर्मा ओटीवर जाऊन तीनदा पुकारा करायचा. तीन हाकांत माणूस आला नाही, तर साहेब लिहिणार: कूळ गैरहजर, घेण्यास राजी नाही असं धरलं आहे. मग जमीन त्याच्या हातून निघाली. नावांची यादी आणि फायली माझ्या टेबलावर. कुठली वर, कुठली खाली—ते मी बघायचो.

ते वाक्य नवशाला मीच शिकवलं होतं. आदल्या आठवड्यात तो दाराशी येऊन उभा राहिला. साहेबापुढे आपली जीभ टाळ्याला चिकटेल अशी त्याला भीती होती. मी त्याच्याकडून चार-पाचदा म्हणवून घेतलं. "मी राजी हाय, साहेब. जमीन माना घ्यायची हाय." मग जाता जाता हसत मी म्हणालो, नवशा, काम झालं तर हंडी लागते बरं का. गंमतीत म्हणालो—असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण गंमत कुणी करावी आणि कुणापुढे?

सुनावणीच्या दिवशी तो कचेरी उघडताच आला. डोक्यावर टोपली, टोपलीत भाजी, पाला, नवं मडकं. मी म्हटलेलं त्याने लक्षात ठेवलं होतं. काम व्हायच्या आधीच घेऊन आला होता. त्याला परत पाठवायला हवं होतं, किंवा निदान बाजूला बसवायला. पण त्या सकाळी दव एवढं पडलं होतं की माझे कपडे ओले लागत होते, आणि ती हिरवी लसूण—मी ओढ्यापलीकडची मोकळी जागा दाखवली. तिकडे लाव, म्हटलं. कचेरीच्या अंगणात नको, साहेब बघतील. तो म्हणाला, "माझा नाव काढला तं?" मी म्हणालो, तुझं अकरावं आहे, जेवणाआधी काही येत नाही, मी बसलोय ना इथे.

मी बसलोय ना इथे. हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

साहेब बघतील, असं का म्हणालो तेही ऐका. साहेब नवे होते आणि भारी कडक. महिन्यापूर्वीच एका तलाठ्याने खातेदाराकडून कोंबडी घेतली म्हणून त्यांनी त्याला घरी बसवलं होतं. एका कोंबडीवरून! आम्ही सगळे त्या दिवसापासून चहाही आपापल्या पैशाने पीत होतो. आणि ज्याची सुनावणी आज आहे त्याच माणसाला मी माझ्यासाठी हंडीपाशी बसवलं होतं.

अकरा वाजले असतील. नवशाचा मालक आत आला, लोकरीची शाल पांघरून. आमच्या बाजूचा माणूस, वडिलांच्या ओळखीचा. घरचं सगळं विचारलं. मग हळूच म्हणाला, "भाऊ, आमचं जरा आधी काढता आलं तर बघा. थंडीने कंबर धरलीय, घोलवडला परत पोचायचंय." त्याला काही माहीत नव्हतं. त्याने लाच दिली नाही, दमदाटी केली नाही. वयाने मोठा माणूस अदबीने बोलला एवढंच. आणि मी खालून फाईल काढून वरच्या दोन फायलींच्या खाली ठेवली.

नाव वाचलं नव्हतं का? वाचलं होतं. मनात म्हटलं, वरच्या दोन संपेस्तोवर नवशा येईल. धर्माला पाठवावं असंही मनात आलं. पण धर्मा ओटीवर, साहेब समोर, आणि काय सांगून पाठवणार? हंडी सोडून ये म्हणून?

वरची दोन्ही कुळं आलीच नव्हती. तीन-तीन हाका झाल्या आणि पाच मिनिटांत दोन्ही निकाल लागले. साहेबांनी तिसरी फाईल उघडली. धर्मा बाहेर गेला.

पहिली हाक झाली. माझ्या मागे झडप अर्धी उघडी होती. मी वळून पाहिलं. ओढ्यापलीकडे धूर सरळ वर जात होता, आणि धुरापाशी नवशा वाकलेला. अंतर फार नव्हतं. पण ओढ्याचा काठ उंच, वारा उलटा. दुसरी हाक. तो राख बाजूला करत होता. मडकं उतरवायची वेळ झाली होती. धर्माला वाटलं असेल, नवशा कुठेतरी मागे बसलाय, म्हणून तिसऱ्या हाकेआधी तो जरा थांबला. त्या वेळात मला एवढंच म्हणायचं होतं—साहेब, माणूस आलाय, बाहेर आहे, मी आणतो. मी उठलोसुद्धा. साहेबांनी मान वर केली आणि विचारलं, "काय हो?"

मी म्हणालो, "झडप लावतो, साहेब. वारा येतोय."

आणि झडप लावली.

साहेबांनी लिहिलं. मालकाने सही केली, मला नमस्कार केला आणि गेला. मी पुढची फाईल सरकवली. अक्षरं नीट दिसत होती. त्याचं मला आजही भय वाटतं.

इथवरचं ऐकून तुम्ही कदाचित म्हणाल, भ्याला बिचारा. पोरगेलं वय, नोकरीची भीती. नका म्हणू. कारण खरं सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे.

अर्ध्या तासाने नवशा मागच्या दाराने आला. गोणपाटात गुंडाळलेलं मडकं त्याने माझ्या टेबलाखाली ठेवलं. भुवया राखेने पांढऱ्या, चेहरा लाल, आणि हसत होता. "भाऊ, माना बोलावला का?" तेव्हा साहेब चहासाठी आतल्या खोलीत गेले होते. मालक अजून रस्त्यावर मोटारीची वाट बघत उभा असेल. साहेब कडक होते, पण अन्यायी नव्हते. तासाभरात निकाल फिरवता आला असता. मी कबूल केलं असतं तर तलाठ्यासारखा घरी बसलो असतो. वडिलांनी वाटलेले पेढे माझ्या डोळ्यांपुढे आले. लाज वाटते सांगायला—पेढे!

मी म्हणालो, "नाही अजून. बस बाहेर. हाक मारतो."

तो बसला. ओटीच्या कडेला, दाराकडे तोंड करून. जेवणाची सुट्टी झाली, साहेब बंगल्यावर गेले. मडकं फुटलं, वाफ निघाली, हेडक्लार्क वा वा करत पुढे सरकले. मी खाल्लं. पोटभर खाल्लं. चव उत्तम होती. दारातून मला त्याची पाठ दिसत होती आणि मधूनमधून त्याचे ओठ हलायचे. तो ते वाक्य म्हणत होता.

संध्याकाळी कचेरी बंद होईपर्यंत तो हलला नाही. धर्माने मला एकदा विचारलं, ह्याचा पुकारा तर झाला ना? मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. धर्मा पुन्हा विचारायला आला नाही. त्याचीही नोकरी होती. कुलूप लावताना मी नवशाला सांगितलं, आज तुझं निघालं नाही, कागद येईल घरी. तो म्हणाला, "बरा, भाऊ." रिकामी टोपली घेऊन निघून गेला.

निकालावर वर दाद मागायला मुदत असते. निकालाचा कागद माझ्याच हातून जायचा होता. तो माझ्या खणात राहिला. दर बाजाराच्या दिवशी नवशा यायचा, दारातून विचारायचा, आणि मी म्हणायचो, वरून आलं नाही अजून. ते मी सहज म्हणायला लागलो होतो. मुदत टळल्यावर धर्माच्या हाती कागद पाठवून दिला. नवशाने तो कुणाकडून तरी वाचून घेतला आणि माझ्याकडे आला. भांडायला आला असेल असं मला वाटलं. पण तो विचारायला आला होता—आता काय करायचा? मी कपाळाला हात लावला. वरच्या लोकांनी परस्पर केलं, म्हणालो. माझ्या हातात काही नव्हतं, म्हणालो. त्याने माझी समजूत घातली. हो, त्याने माझी!

मालकाने त्या जमिनीत भात बंद करून गवत वाढवलं. पुढची काही वर्षं ते गवत कापायला नवशा रोजाने जायचा. आपल्याच बांधावरून. मग तेही सुटलं आणि तो पाडा सोडून मुलीकडे गेला, असं धर्माकडून कळलं. तोवर माझी बदली डहाणूला झाली होती. बढतीही मिळाली होती.

शेवटचा भेटला तो कैनाडला, मुलीच्या गावी. मी पंचनाम्याला गेलो होतो. एका झोपडीपुढे खाटेवर म्हातारा बसलेला. मी ओळखलं नाही, त्याने ओळखलं. चाळिशीतला माणूस सहा-सात वर्षांत असा म्हातारा होतो? त्याने मुलीला हाक मारली, जावयाला बोलावलं, शेजारच्यांनाही. सगळ्यांना सांगितलं, "ह्या भाऊनी माझ्यासाठी लय खटपट केली. साहेबाला सांगून सांगून थकला. माझाच नशीब नाय." मुलीने माझ्या पायांना हात लावला. जावयाने खाट झटकून मला बसायला दिली. लेकरं घोळका करून माझ्याकडे बघत होती.

मला तेव्हाही बोलता आलं असतं. तिथे साहेब नव्हते, वडील वारले होते, नोकरी पक्की होती. कशाचं भय होतं? मी खाटेवर बसलो, त्यांनी दिलेला चहा प्यालो, तब्येतीला जप म्हणालो आणि सायकल काढली. तो उठून पार वाटेपर्यंत मला पोचवायला आला.

दोन हिवाळ्यांनी तो गेला. त्याची जमीन मी घालवली, आणि तो माझं भलं चिंतत मेला.