त्याचा भादों, माझा श्रावण

अर्जदार : मी स्वतः, मध्यमवयीन, राहणार नॉटिंगहॅम. धंदा दिवसा होजिअरीचे गोदाम, संध्याकाळी अर्जलेखन.
सामनेवाला : काबूलचा एक हिंदू कापडवाला, पूर्वी माझ्याच घरी मागच्या खोलीत राहणारा.
काळ : नव्वदीच्या सुरुवातीची वर्षे.
साक्षीदार : घरमालकीण, परंतु ती वरच्या मजल्यावर कधीच आली नाही, सबब साक्षीदार नाही.
नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. तथापि तालुक्याच्या कचेरीसमोर टेबल टाकून मी अर्ज लिहिले आहेत, आणि तारखेवाचून अर्ज उभा राहत नाही हे मला कोणा पदवीधराने शिकवावे लागले नाही. म्हणून या गृहस्थाचे आश्रयासाठीचे निवेदन लिहावयास घेतले तेव्हा माझा पहिला प्रश्न तोच होता. दुकान कधी लुटले?

"भादों वदी बारस," तो म्हणाला. शहरावर रॉकेटे पडत होती. त्या धुमश्चक्रीत बंदूकवाले आत शिरले, हिंदू म्हणून त्याला मारले आणि धाकट्या भावाला घेऊन गेले. बायको व दोन मुली दिल्लीत नातेवाइकांच्या दारी होत्या. येथे थारा मिळाला तरच त्या येणार. न मिळाला तर त्याला पुन्हा काबूल.

गावाकडून येणारी कॅलेंडरे मी जुनी झाली तरी टाकत नाही. त्या वर्षीचे काढून भाद्रपद वद्य द्वादशी पाहिली आणि सप्टेंबरातली इंग्रजी तारीख ठसठशीत अक्षरात घातली.

गृहखात्याचा नकार आला. त्या देशाच्या परिस्थितीचे अहवाल पाहता त्या तारखेस तेथे शस्त्रसंधी होता, तोफा बंद होत्या, सबब निवेदन विश्वासार्ह नाही. सल्ला केंद्रातल्या वकीलबाईंनी अपील केले. त्या दिवशी तेथे खरोखर काय चालले होते याचा छापील पुरावा हवा, असे त्या म्हणाल्या. तो शोधण्याचे काम अर्थातच मी पत्करले.

दर शनिवारी मी लायब्ररीत मायक्रोफिल्मवर जुनी वर्तमानपत्रे पाहत असे. सप्टेंबर चाळून डोळे दुखत. काबूलबद्दल ओळ सापडे ती शांततेची. घरी आलो की तो स्वयंपाकघरातून विचारी, "कुछ मिला?" मी मान हलवी. तो माझ्यापुढे चहा ठेवी. मी मात्र शनिवारची वाट पाहू लागलो होतो. या देशात आल्यापासून मी दार उघडल्यावर कोणी काही विचारले नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात एके सकाळी तो चहा घेईना.

"व्रत है," तो म्हणाला. "जन्माष्टमी."

"ठाऊक आहे. श्रावण वद्य अष्टमी," मी कॅलेंडराकडे बोट दाखवून सांगितले.

तो हसला. "श्रावण? भाईसाहब, आपका सावन अभी तक चल रहा है? हमारा तो राखी को खतम हो गया. ये भादों है."

"भाद्रपदाला अजून अवकाश आहे."

"तो कन्हैया दो बार पैदा होंगे? एक आपके, एक हमारे?"

मी कप खाली ठेवला. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्याची भादों वदी बारस म्हणजे माझी श्रावण वद्य द्वादशी. मी त्याचे दुकान एक महिना उशिरा लुटवले होते.

लायब्ररी उघडायच्या आधी मी पायरीवर जाऊन उभा राहिलो. त्या वर्षीचा ऑगस्ट लावला. पानामागून पान काबूलवर पडणाऱ्या रॉकेटांचे होते. त्याच्या बाजाराचे नावही होते.

दोन्ही पंचांगांची पाने जोडून मी पुरवणी निवेदन लिहिले. माझ्या मते ते माझे सर्वोत्तम लेखन होय. वकीलबाईंनी त्यातली विशेषणे तेवढी काढली. अपील मंजूर झाले.

बायको आणि मुली आल्या. मागची खोली त्यांना पुरणारी नव्हती. ते लंडनकडे, एजवेअरला गेले. जाताना तो म्हणाला, "खत लिखूँगा." मी त्याला पत्ता सुवाच्य अक्षरात लिहून दिला होता. तेव्हापासून मी शनिवारी लायब्ररीत जातो आणि आजचीच वर्तमानपत्रे वाचतो.

सबब विनंती की, सामनेवाल्याने येत्या अष्टमीपूर्वी, मग ती भादोंची म्हणा वा श्रावणाची, मुली कशा आहेत याबद्दल दोन ओळींचे उत्तर द्यावे. भाषा कोणतीही चालेल. तारीख घातली नाही तरी ते दाखल करून घेतले जाईल.